ब्रश निगेटिव्ह आला म्हणजे कॅन्सर नाही? पित्तनलिकेचा अडथळा आणि पित्तातल्या खुणा

पित्तनलिकेत अडथळा असलेल्या माणसाच्या घरच्यांना दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "ब्रशचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय." (ब्रश म्हणजे नलिकेत छोटासा ब्रश फिरवून पेशी आणायच्या आणि त्या तपासायच्या.) ते ऐकलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. लगेच गावाकडं फोन जातो, "तात्यांना कॅन्सर नाही म्हणे." काही घरांत ते खरंही ठरतं. पण काही घरांत तीन-चार महिन्यांनी कावीळ परत येते. तोवर वजन आणखी उतरलेलं असतं आणि शस्त्रक्रिया करता आली असती ती वेळ टळून गेलेली असते.

मी पॅथॉलॉजीत काम करते. अशा ब्रशच्या स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघणं हे माझं रोजचं काम, म्हणून हे कळकळीनं सांगते: पित्तनलिकेच्या ब्रशचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की त्या स्लाइडवर कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. नलिकेत कॅन्सर आहे की नाही, हा प्रश्न तिथं मिटत नाही. तो मिटवायला ज्या नव्या तपासण्या पुढं येत आहेत त्यांतल्या बऱ्याच पित्तावरच होतात. ज्या पित्ताचे चार थेंब आपण आजवर सक्शनच्या बाटलीत जाऊ देत होतो, त्याच पित्तावर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या माणसांनी हे समजून घ्यावं असं मला वाटतं. आपल्याकडं ही माहिती पेशंटच्या कानावर पडते तीच उशिरा, आणि पडते तेव्हा घाईत.

थोडं मुळापासून. आपलं यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. (जळजळ, आंबट ढेकर यांना आपण पित्त म्हणतो, त्याच्याशी याचा संबंध नाही.) हा पिवळा-हिरवा रस यकृतातल्या अतिशय बारीक नळ्यांतून गोळा होतो. त्या नळ्या एकमेकींना मिळत मिळत एक उजवी आणि एक डावी नलिका होते, त्या दोघींची मिळून मुख्य पित्तनलिका होते आणि ती लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते. ही मुख्य नलिका जेमतेम ६-७ मिलिमीटर रुंद असते. एवढ्याशा नळीच्या अस्तरात कॅन्सर झाला तर त्याची गाठ मोठी व्हायच्या आधीच वाट बंद होऊ शकते. या कॅन्सरला कोलँजिओकार्सिनोमा म्हणतात. तो सगळ्यांत जास्त आढळतो तो उजवी-डावी नलिका जिथं मिळतात त्या संगमावर. अमेरिकन डॉक्टर जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ साली या संगमावरच्या कॅन्सरचं तपशीलवार वर्णन केलं, म्हणून अजूनही त्याला क्लॅट्स्किन ट्यूमर म्हणतात.

वाट बंद झाली की पित्त रक्तात साचतं. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग पांढरट, मातकट होतो, कारण शौचाला रंग देणारा घटक आतड्यापर्यंत पोचतच नाही. अंगाला खाज सुटते, ती रात्री जास्त. पोटात दुखेलच असं नाही, आणि न दुखणारी कावीळ माणूस अंगावर काढतो.

आपल्या भागात कावीळ म्हटलं की पहिलं पाऊल बऱ्याचदा दवाखान्याकडं वळत नाही. कुणी मुळीचा रस देतं, कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतं आणि पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणतं. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असला तर चुन्याचं पाणी कावीळ नसलेल्या माणसाच्या हातानंही पिवळं होतं. माणसं यावर विश्वास ठेवतात त्यालाही कारण आहे. दूषित पाण्यातून होणारी विषाणूची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळेला मिळतं. वनस्पतींच्या औषधांना मी कमी लेखत नाही. पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, संस्था आपल्या बेळगावातच आहे. पण बंद झालेली नलिका कुठल्याही रसानं उघडत नाही, आणि अडथळ्याच्या काविळीत गेलेले सहा आठवडे परत मिळत नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कावीळ, खाज आणि मातकट शौच अशी तीन लक्षणं एकत्र दिसली तर त्याच आठवड्यात रक्त तपासा आणि स्कॅनिंग, म्हणजे सोनोग्राफी, करून घ्या. यकृतातल्या नळ्या फुगलेल्या आहेत का, हे त्यात लगेच कळतं.

नळ्या फुगल्या असतील तर पुढं एमआरसीपी होते. हा एमआरआयचाच प्रकार. त्यात पित्तनलिकांचं चित्र मिळतं आणि नलिका नेमकी कुठं अरुंद झाली ते दिसतं. का अरुंद झाली, हे मात्र त्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. खडा अडकलेला असला तर सहसा कळतो. पण पूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं असताना नलिकेला इजा होऊन ती आखडलेली असू शकते. जुन्या स्वादुपिंडाच्या दाहानं ती आवळली जाते. टीबीच्या गाठी तिला बाहेरून दाबतात, आणि आपल्या देशात ही शक्यता नेहमी डोक्यात ठेवावी लागते. रक्तातल्या आयजीजी-४ या प्रथिनाशी जोडलेल्या एका आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच नलिकेवर उलटते; तो आजार स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ओसरतो. आणि कॅन्सर. या सगळ्यांचं चित्र कधी कधी इतकं सारखं असतं की अनुभवी रेडिओलॉजिस्टसुद्धा रिपोर्टात ‘अनिश्चित स्वरूपाचा अडथळा’ असंच लिहितात.

चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. कॅन्सर असताना नाही म्हटलं तर काय होतं ते वर आलंच. नसताना आहे म्हटलं तर माणसाच्या यकृताचा मोठा भाग कापला जातो. संगमावरचा कॅन्सर समजून ज्यांचं ऑपरेशन होतं त्यांच्यातल्या शंभरातल्या ५ ते १५ जणांच्या काढलेल्या भागात शेवटी कॅन्सर सापडतच नाही, असा जगभरचा अनुभव आहे. ऑपरेशन करणारे सर्जन निष्काळजी असतात असं नाही. त्यांच्या हातातला पुरावाच अपुरा असतो.

तो पुरावा ईआरसीपीत गोळा होतो. तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्यापर्यंत नेतात, तिथं पित्तनलिकेचं बारीकसं तोंड असतं, त्यातून तार सरकवतात. तारेवरून एक छोटा ब्रश अरुंद जागेपर्यंत जातो आणि मागं-पुढं फिरवला जातो. मग तो बाहेर काढून काचेच्या पट्टीवर घासतात आणि पट्टी लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात. हवेत दोन मिनिटं राहिली तरी पेशी सुकून बिघडतात. शेवटी वाट मोकळी राहावी म्हणून स्टेंट, म्हणजे छोटी पोकळ नळी, बसवतात. हे सगळं पेशंटला गुंगी देऊन, क्ष-किरणांच्या पडद्याकडं बघत चाललेलं असतं. त्यातही शंभरातल्या ३ ते १० जणांना नंतर स्वादुपिंडाला सूज येते. म्हणजे ही तपासणी पुन्हा पुन्हा सहज करण्यासारखी नाही, म्हणून एकदा आत गेल्यावर जे मिळेल त्यातलं काहीही वाया जाऊ नये.

आता ती पट्टी माझ्याकडं येते तेव्हा काय दिसतं ते सांगते. निरोगी अस्तराच्या पेशी सपाट थरात, एकमेकींना खेटून असतात. सगळ्यांची केंद्रकं सारख्या आकाराची आणि सारख्या अंतरावर. कॅन्सरच्या पेशींत ही शिस्त मोडते. केंद्रकं लहान-मोठी होतात, एकावर एक चढतात, त्यांच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात. अशा पेशींचे दोन-चार चांगले पुंजके मिळाले तर मी बिनदिक्कत ‘कॅन्सर’ लिहिते, आणि ब्रशवर कॅन्सर लिहिलेलं जवळजवळ कधीच चुकत नाही. अडचण असते ती पेशी मिळण्याची. हा कॅन्सर स्वतःभोवती दाट, घट्ट तंतूंचं जाळं विणतो. त्या जाळ्यात कॅन्सरच्या पेशी थोड्या आणि विखुरलेल्या असतात. शिवाय तो बऱ्याचदा अस्तराच्या खालून, भिंतीतल्या भिंतीत पसरतो, आणि ब्रश फिरतो तो वरच्या अस्तरावर. मग स्लाइडवर येतात त्या निरोगी पेशी, पू-पेशी आणि पित्ताचा पिवळा गाळ. नलिकेत संसर्ग किंवा स्टेंट असला तर निरोगी पेशीही सुजून संशयास्पद दिसू लागतात. अशा वेळी रिपोर्टात ‘ॲटिपिकल’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ, मला धड हो म्हणता येत नाही आणि धड नाहीही.

ब्रशची एकूण पकड किती? कॅन्सर असलेल्या शंभर जणांचे ब्रश घेतले तर साधारण चाळीस ते पन्नास जणांतच तो सापडतो.

इथं पित्त मदतीला येतं. कणकुंबीच्या रानात उगम पावलेली मलप्रभा खानापुरात येते तेव्हा वरच्या जंगलातला पालापाचोळा, माती, बिया तिच्या पाण्यात असतात. वर काय आहे ते कळायला दरवेळी रान चढावं लागत नाही. पित्तही तसंच दिवस-रात्र त्या अरुंद जागेवरून वाहत असतं. कॅन्सरच्या पेशी सतत मरतात, फुटतात आणि त्यांच्या आतला ऐवज, म्हणजे डीएनएचे तुकडे, प्रथिनं आणि आरएनए (डीएनएचाच भाऊबंद रेणू) भरलेल्या सूक्ष्म पुटिका, म्हणजे पिशव्या, पित्तात मिसळतो. ब्रश जिथं पोचला नाही तिथला ऐवजही त्यात असतो. रक्तातही तो येतो, पण तिथं तो सगळ्या शरीरातल्या डीएनएत विरलेला असतो. पित्तात त्याचं प्रमाण कितीतरी जास्त.

कॅन्सरचा अंदाज घ्यायला करतात ती रक्तातली सीए १९-९ ही तपासणी बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल. तिच्यावर फार विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नलिका तुंबली किंवा तिच्यात संसर्ग झाला तर कॅन्सर नसतानाही तो आकडा शेकड्यांत, कधी हजारांत जातो आणि स्टेंट टाकल्यावर झरझर उतरतो. उलट शंभरातल्या ५ ते १० माणसांचं शरीर जन्मतःच हा पदार्थ बनवू शकत नाही. त्यांना कॅन्सर असला तरी आकडा नॉर्मल. सीए १९-९ बघायचंच असेल तर कावीळ उतरल्यावर परत बघावं.

पित्तातल्या प्रथिनांवरही बरंच संशोधन झालं आहे, पण दाह आला की त्यातली बरीचशी वाढतात. त्यामुळं नेमक्या अडचणीच्या पेशंटमध्येच ती गोंधळ घालतात. पुटिकांमधल्या मायक्रो-आरएनएची तपासणी अजून प्रयोगशाळेच्या उंबऱ्यातच आहे. भरवसा वाटावा अशा खुणा मिळतात त्या डीएनएमध्ये, आणि त्या तीन पातळ्यांवर शोधता येतात.

पहिली पातळी गुणसूत्रांची. कॅन्सरच्या पेशीत गुणसूत्रांची संख्या बिघडते. दोनच्या जागी तीन, चार. ‘फिश’ नावाच्या तपासणीत ठरावीक गुणसूत्रांवर चमकणारे रंगीत ठिपके चिकटवतात आणि एकेका पेशीतले ठिपके मोजतात. ही तपासणी बरीच वर्षं वापरात आहे आणि ब्रशची पकड ती थोडी वाढवते. पण तिलाही मुळात पेशी मिळाव्याच लागतात.

दुसरी पातळी जनुकांतल्या बदलांची. पेशी केव्हा वाढायची, केव्हा थांबायची, बिघडली तर स्वतःला केव्हा संपवायचं, हे काही जनुकं ठरवतात. के-रास हे जनुक वाढीचं. ते बिघडलं की वाढीचा हुकूम थांबतच नाही. टीपी-५३ बिघडलेल्या पेशीला आवरतं. ते निकामी झालं की आवरायला कुणी उरत नाही. स्मॅड-४, सीडीकेएन-२ए अशी आणखीही आहेत. नव्या पद्धतीच्या सिक्वेन्सिंगनं, म्हणजे डीएनएचा मजकूर वाचण्याच्या तंत्रानं, ही सगळी जनुकं एकाच नमुन्यात, एकाच वेळी वाचता येतात, तेही अतिशय थोड्या डीएनएवरून. नमुना फिरवून पेशी तळाला बसवल्या तरी वरच्या निवळीत डीएनए असतोच. ही निवळी पूर्वी सरळ ओतून दिली जायची.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पथकानं २०२० मध्ये अडथळा असलेल्या २५२ पेशंटांच्या ब्रश आणि बायोप्सीच्या नमुन्यांत २८ जनुकं वाचली. फक्त मायक्रोस्कोपवर कॅन्सर असलेल्या शंभरातले ४८ सापडत होते. जनुकांवरून ७३ सापडले आणि दोन्ही मिळून ८३. निरोगी माणसाला चुकून कॅन्सर म्हणणं मात्र जवळजवळ झालंच नाही. स्पेनमधल्या संशोधकांनी हीच कल्पना थेट पित्तातल्या मोकळ्या डीएनएवर तपासली आणि पहिल्या ईआरसीपीत ज्यांचा निकाल लागत नव्हता अशांच्या पित्तातही बदल पकडले.

या टक्क्यांचा पेशंटसाठी अर्थ काय, ते जरा आकडेमोड करून बघू. समजा, अनिश्चित अडथळ्याचे शंभर पेशंट आहेत आणि त्यांतल्या ६० जणांना खरोखर कॅन्सर आहे (हा ६० आकडा मी हिशेबासाठी धरलाय). नुसता ब्रश केला तर त्यातले सुमारे २९ सापडतील, ३१ निसटतील. ज्यांना कॅन्सर नाही असे ४०, ते अर्थात निगेटिव्ह. म्हणजे ७१ जणांच्या हातात निगेटिव्ह रिपोर्ट पडतो आणि त्यांतल्या ३१ जणांना कॅन्सर आहे. दहातल्या चार जणांहून जास्त! म्हणूनच "निगेटिव्ह आलाय, आता काळजी नाही न्हवं मॅडम?" असं कुणी विचारलं की माझ्याच्यानं लगेच मान हलवली जात नाही. आता ब्रशबरोबर जनुकंही वाचली तर ६० पैकी ५० सापडतात, १० निसटतात. निगेटिव्ह रिपोर्ट असतो ५० जणांकडं, त्यांतले १० कॅन्सरचे. पाचात एक. फरक फार मोठा आहे. तरीही पाचात एक ही शून्याच्या जवळची गोष्ट नाही, हे पेशंटला सांगितलंच पाहिजे.

तिसरी पातळी मला सगळ्यांत आशादायक वाटते. जनुकाचा मजकूर जसाच्या तसा असतो, पण त्यावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात आणि ते जनुक गप्प होतं. कॅन्सरमध्ये हे फार लवकर घडतं, आणि वेगवेगळ्या पेशंटांत त्याच त्याच जनुकांवर घडतं, त्यामुळं कुठं शोधायचं ते आधीच ठाऊक असतं. ऑस्लोच्या संशोधकांनी सीडीओ-१, सीएनआरआयपी-१, सेप्ट-९ आणि व्हिमेंटिन या चार जनुकांवरचे मिथाइल गट पित्तात शोधले. त्यासाठी नमुन्याचे सुमारे वीस हजार सूक्ष्म थेंब करतात आणि प्रत्येक थेंबात खूण आहे की नाही हे वेगळं तपासतात, त्यामुळं हजारो निरोगी तुकड्यांत लपलेले थोडेसे आजारी तुकडेही हाती लागतात. त्यांच्या २०२२ च्या अभ्यासात, कॅन्सरचं निदान व्हायच्या आधीच्या वर्षभरात घेतलेल्या पित्तातही या खुणा आढळल्या. हा अभ्यास प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस या, पित्तनलिका दाहानं आखडत जाणाऱ्या, आजाराच्या पेशंटांवर झाला. तो नॉर्वेत बराच आढळतो, आपल्याकडं क्वचित. म्हणून तेच निकाल बेळगावच्या पेशंटाला जसेच्या तसे लावू नयेत. आपल्याकडचे खडे, टीबी, जुन्या ऑपरेशनच्या इजा यांच्या पित्तात या खुणा कशा वागतात, हे आपल्याच पेशंटांवर तपासावं लागेल. हे काम आपल्या भागातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी हातात घ्यावं असं मला फार वाटतं. ईआरसीपी इथं होतात, पित्त इथंच मिळतं.

पॉझिटिव्ह आलं की डोळे मिटून ऑपरेशन, असंही नाही. के-रासमधला बदल कधी कधी कॅन्सरच्या अलीकडच्या टप्प्यातही सापडतो, जिथं अस्तर बिघडायला लागलंय पण कॅन्सर झालेला नाही. शिवाय पित्तनलिकेत येणारा डीएनए शेजारच्या स्वादुपिंडातल्या किंवा पित्ताशयातल्या गाठीचाही असू शकतो. खूण सांगते की इथं काहीतरी कॅन्सरच्या वाटेवरचं आहे. कुठं आणि किती, हे स्कॅन, दुर्बीण आणि मायक्रोस्कोप यांच्याशी ताडून बघावं लागतं. आता बारीक कॅमेरा थेट नलिकेत नेऊन डोळ्यांनी बघत तुकडा घेण्याचीही सोय आहे. जिथं ती आहे तिथं ती जरूर वापरावी.

आता आपल्या इथली परिस्थिती. ईआरसीपी बेळगावात होते. मिरज, कोल्हापूर, हुबळी, बांबोळी हेही आपल्या लोकांच्या पायाखालचे रस्ते. जनुकांची तपासणी मात्र सहसा बेंगळूरु, पुणे किंवा मुंबईच्या प्रयोगशाळेत जाते, आणि तिथं नेहमीच्या कामात बायोप्सीचा तुकडा किंवा रक्त घेतात. पित्त स्वीकारतात का, कुठल्या बाटलीत आणि किती तासांत हवं, हे ईआरसीपीच्या आधी विचारावं लागतं. आधी म्हणते त्याला कारण आहे. नलिकेत क्ष-किरणांसाठीचं औषध सोडलं की पित्त पातळ होतं, म्हणून पित्त त्यापूर्वीच ओढून घ्यावं. ५ ते १० मिलिलिटर मिळालं तर उत्तम. बाहेर ठेवलं तर त्यातले विकर (एन्झाइम) डीएनएचे तुकडे पाडतात, आणि पित्तातले क्षार व रंगद्रव्य पुढच्या तपासणीत अडथळा आणतात. म्हणून ते लगेच बर्फात, लवकरात लवकर फिरवून निवळी गोठवलेली, असं ठेवावं लागतं. ज्यांना पोटाच्या कातडीतून नळी घालून बाहेर पिशवी लावलेली असते त्यांचं पित्त तर रोजच हाताशी असतं. पण पिशवीत रात्रभर साठलेलं चालत नाही, नळीतून ताजं घ्यावं लागतं.

घरच्यांनी डॉक्टरांना मोकळेपणानं विचारावं: एमआरसीपी स्टेंटच्या आधी होणार का? स्टेंट बसल्यावर चित्र बिघडतं. ब्रशबरोबर बायोप्सीही घेणार का? थोडं पित्त जपून ठेवता येईल का? रक्तातलं आयजीजी-४ बघितलंय का? असं विचारण्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगला डॉक्टर उलट खूश होतो.

सीमाभागातली आणखी एक अडचण माझ्या टेबलावर वारंवार येते. पेशंट खानापुरातून बेळगावला येतो, तिथून पाहुण्यांच्या सांगण्यावरून मिरजेला जातो, मग गोव्याला. प्रत्येक ठिकाणी फाइलमध्ये रिपोर्टाचा कागद असतो, पण स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो तो) पहिल्याच दवाखान्यात राहिलेला असतो. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला कागदाचा उपयोग थोडा, स्लाइडचा फार. एमआरसीपीची सीडी, स्लाइड, ब्लॉक मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. घरी जाताना दिलेल्या सूचना कन्नडमध्ये असतील आणि वाचता येत नसतील तर तिथल्याच सिस्टरकडून तोंडी समजून घेऊन मराठीत लिहून काढा. खर्चाचं म्हणाल तर कर्नाटकची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे, आणि महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. कुठलं कार्ड कुठल्या दवाखान्यात चालतं आणि जनुकांची तपासणी त्यात बसते का, हे भरती व्हायच्या आधी काउंटरवर विचारून घ्या.

ही तपासणी निदानापुरतीच नसते. यकृताच्या आतल्या पित्तनलिकांच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या १० ते १५ जणांत एफजीएफआर-२ या जनुकाची जोडणी बिघडलेली असते, काहींत आयडीएच-१ बदललेलं असतं. पहिल्यासाठी पेमिगॅटिनिब हे औषध अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं, दुसऱ्यासाठी आयव्होसिडेनिब २०२१ मध्ये. ही औषधं महाग आहेत आणि ऑपरेशन शक्य असेल तर पहिला मान ऑपरेशनचाच. पण ज्यांना ते शक्य नाही त्यांच्या कॅन्सर तज्ज्ञाला या खुणा माहीत असणं गरजेचं आहे. त्यासाठी बायोप्सीचा तुकडा सगळ्यांत चांगला. तो पुरेसा नसेल तेव्हा पित्त किंवा रक्त कामी येतं.

आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला पण वजन घटतंच आहे, अडथळा तसाच आहे, तर? तपास थांबवू नका. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलावाच लागतो. तेव्हा दुर्बीण पुन्हा आत जाणारच असते. ब्रश, बायोप्सी आणि पित्त पुन्हा घ्यायची ती दुसरी संधी. स्टेंट बसवल्याची तारीख आणि बदलायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, पेशंटच्या मोबाइलमध्येही टाका. बरं वाटतंय म्हणून स्टेंट तसाच राहिला तर तो तुंबतो आणि नलिकेत पू होतो. थंडी वाजून ताप आला, डोळे परत पिवळे दिसले, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री, स्टेंट जिथं बसवला त्या दवाखान्यात जा आणि ते लांब असेल तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात, फाइल बरोबर घेऊन.